पोचल्याशिवाय केर नाही

ईरा आणि अर्णव,

परवा तुम्ही घरी पोचल्यावर आपण व्हिडिओवर बोललो, तेव्हा ईराने विचारलं, "आजी, तुझ्या मागे जमिनीवर काय पडलंय?" ती शेंगांची टरफलं होती, अर्णवने निघायच्या गडबडीत टाकलेली. शिवाय त्याच्या नव्या बुटांच्या खोक्यातला कागद आणि ईराचा एक रबरबँड. तुमची आई हसून म्हणाली, "आई आता थकली बरं का."

थकले वगैरे काही नाही. टॉवेलची घडी कडेला कड जुळवून घालणारी बाई एवढ्यात थकत नाही. तुम्ही पोचलात हे कळलं, फोन ठेवला, आणि उठून मी सगळं घर लख्ख झाडून काढलं. पण तुम्ही वाटेत असताना नाही. ही सवय मला अनसाक्काने लावली. तुम्ही तिला पाहिलेलं नाही, म्हणून सांगते.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तुमच्या आजोबांची पाटबंधारे खात्यात सांगलीला बदली झाली आणि मला तिथल्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायचं काम मिळालं. एकाच मालकाची दोन घरं शेजारी शेजारी होती. दोन्हींच्या पुढे मिळून एक अंगण आणि अंगणाच्या मधोमध शेवग्याचं झाड. शेवगा शेंगा देतो हे सगळ्यांना माहीत असतं. तो बारा महिने काही ना काही गाळत असतो, हे त्याच्याखाली राहिल्याशिवाय कळत नाही.

दुसऱ्या घरात सुभेदार आणि त्यांची बायको अनसाक्का राहायचे. सुभेदार फौजेतून निवृत्त झालेले. गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढे. तिथे पाऊस पडला तर पडला. पोरांच्या शिक्षणासाठी म्हणून ते कृष्णाकाठी येऊन राहिले होते. मुलगा बबन फौजेत, जम्मूकडे. मुलगी सुमन तेव्हा मिरजेला नर्सिंग शिकत होती.

आम्ही राहायला गेलो तेव्हा पहिले दोन दिवस मी अंगणाकडे पाहत होते. पाला, फुलं, विडीची थोटकं, उसाची चिपाडं. शेजारच्या उघड्या दारातून आत घरातही तेच दिसत होतं. मी मनात म्हटलं, शेजार गबाळा मिळालेला दिसतोय. तिसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मी पदर खोचला, खराटा घेतला आणि आपलं-त्यांचं असा भेद न करता सगळं अंगण झाडायला लागले. अर्धं झालं असेल, तोच आतून एक उंच, काळीसावळी, काष्ट्याचं लुगडं नेसलेली बाई हात वर करून धावत आली. हनुवटीवर गोंदण, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"आवं बाई, थांबा! थांबा! काय करतायसा? बबन आजून मनमाडाच्या म्होरंसुदिक गेला नसंल!"

मला काही कळेना. बबन कोण, मनमाड का, आणि त्याचा माझ्या खराट्याशी काय संबंध?

तिने माझी केराची पाटी ओढून घेतली. म्हटलं, आता उकिरड्यावर नेऊन टाकते की काय. तर ती पाटीतला पाला मुठीमुठीने परत अंगणात पसरायला लागली. अगदी नीट, आधी जसा होता तसा. चिपाडं चिपाडांच्या जागी, थोटकं सुभेदारांच्या बाजेखाली.

"रजा संपवून पोरगा परवा गेला," ती म्हणाली. "जम्मूला पोचाय चार दीस लागत्यात. पोचल्याबिगर केर काढायचा न्हाई. पाऊल मोडतं."

माणूस गावाला निघाला की त्याच्या पाठीवर लगेच केर काढू नये, ही रीत माझ्याही माहेरी होती. पण आमच्याकडे ती पाच-दहा मिनिटांत उरकायची. गाडी कोपऱ्यावरून वळली की आई केरसुणी हातात घ्यायची. अनसाक्काने त्या रीतीत पळवाट ठेवली नव्हती. तिचा हिशेब सरळ होता. माणूस घरातून निघाला तरी त्याचं पाऊल घरात असतं. ते पुढे कुठे टेकत नाही तोवर इथलं पुसायचं नाही.

"येक पाऊल तरी कुटंतरी टेकल्यालं असावं न्हवं मान्साचं?" ती म्हणायची. "न्हाईतर त्यानं उभं कुटं ऱ्हायाचं?"

म्हणून प्रत्येक गाव किती लांब आहे ते तिला माहीत असे, आणि तेही तिच्या मापाने. सातारा म्हणजे दुपारच्या जेवणापर्यंतचा केर. पुणे म्हणजे दिवेलागणीच्या आधी काढता येईल असा. मुंबई म्हणजे उद्या सकाळचा. जम्मू म्हणजे चार दिवसांचा, पायाला टोचायला लागेल इतका. आळीतल्या लोकांना ही भाषा येत होती. दूधवाला कासंडी उतरवता उतरवता अंगणाकडे बघायचा आणि म्हणायचा, "आक्का, कोन गेलं? मुंबय वाटतंय."

"व्हय रं, भाचा गेला. रातच्या गाडीनं."

घरी कुणी आलं तर बसा, पाणी घ्या म्हणायच्या आधी तिचा प्रश्न असायचा, "कवा निगालासा?" आणि वेळ सांगितली की ती मान हलवायची. जास्त वेळ लागला असेल तर "वाटंत गाडी बिघडली का?" आणि कमी लागला असेल तर "लय पळवतोय मेला डायव्हर." ती स्वतः मात्र कुठे जात नसे. मी एकदा विचारलं, "आक्का, तुम्ही कधी माहेरीसुद्धा जात नाही?"

"मी गेल्यावं केर कोन थांबवनार?" ती म्हणाली. "ह्यांचा काय भरवसा?"

ह्यांचा म्हणजे सुभेदारांचा. त्यांच्यावर तिचा भरवसा का नव्हता, ते लवकरच दिसलं.

सुभेदार महिन्यातून एकदा साताऱ्याला जायचे. सैनिकांच्या कचेरीत काही ना काही काम निघायचंच. पहाटेची एसटी, संध्याकाळी परत. अनसाक्का त्या दिवशी दुपारपर्यंत केर काढत नसे. एकदा सुभेदार असेच इस्त्रीचा शर्ट घालून, मिशीला पीळ देऊन पहाटे निघाले. नऊच्या सुमाराला दूधवाला आला आणि सहज बोलून गेला, "सुभेदार मिरजंला काय काढलं आज? स्टेशनाबाहीर हाटेलात बसल्याती. चार म्हातारी फौजी हायती आन् पत्त्याचा डाव रंगलाय."

अनसाक्काने दुधाचं भांडं बाजूला ठेवलं. उठली, खराटा घेतला आणि अंगण झाडायला लागली. मी खिडकीतून म्हटलं, "आक्का, आज इतक्या लवकर? साताऱ्याला पोचायला अजून वेळ आहे ना?"

"पोचलं ते," ती म्हणाली. "मिरजंला."

संध्याकाळी सुभेदार परत आले. स्वच्छ अंगण पाहून दारातच थबकले. फौजी माणूस, धोका ओळखणारा.

"आज केर लवकर काढल्याला दिसतोय."

"तुमी लवकर पोचलासा न्हवं."

"म्हंजे?"

"सातारा लय जवळ आलाय म्हनं आता. मिरजंच्या टेसनाबाहीरच हाय."

त्या दिवसापासून सुभेदार खरोखर साताऱ्याला गेले तर तिथल्या कंदी पेढ्यांचा पुडा पुरावा म्हणून आणायचे. त्यातले दोन आम्हालाही मिळायचे, म्हणून आमचा त्या भांडणाला पाठिंबा होता.

माझी मात्र त्या केराशी कायमची लढाई होती. सकाळी सहा वाजता अंगण, साडेसहाला सडा, सातला आंघोळ, असं माझं चालायचं. अनसाक्काकडे कुणी गेलेलं असलं की मी माझी अर्धी बाजू झाडून मधोमध खडूची रेघ मारायची. पण शेवग्याला हद्द कळत नव्हती आणि वाऱ्यालाही नाही. दुपारपर्यंत जम्मूचा केर माझ्या उंबऱ्यावर यायचा. मी कुरकुरले की अनसाक्का म्हणायची, "येऊं दे की. बबन तुमाला मावशी म्हंतोय. तुमच्या दारात पाऊल आलं तर काय बिघडलं?"

सुमनची परीक्षा झाली, पुढच्याच उन्हाळ्यात लग्न झालं. जावई कराडचा, लंडनला नोकरी करणारा. लग्न करून तो पुढे गेला आणि सुमनने दिवाळीच्या आधी जायचं ठरलं. तिकीट आलं. दिवाळीला आठवडा राहिला असताना मुंबईहून विमान. आळीत हे पहिलंच विमान होतं. लोक सुमनला बघायला येऊ लागले, जणू तीच उडणार होती.

अनसाक्काच्या डोक्यात मात्र एकच प्रश्न होता. एके दिवशी ती माझ्याकडे आली.

"बाई, लंडन किती दिसाचं हाय?"

मी शाळेतून जगाचा नकाशा आणला. जमिनीवर पसरला. सुभेदार चष्मा लावून एका बाजूला बसले, तुमचे आजोबा दुसऱ्या बाजूला.

"हितं सांगली कुटं हाय?" अनसाक्काने विचारलं.

"इथे. पण इतकी लहान की दिसत नाही."

"आन् सातारा?"

"तोही त्याच ठिपक्यात."

तिने सुभेदारांकडे पाहिलं. "आगं बया! मंग हितनं तितं जायला तुमाला चार तास कशाला लागत्यात वो?"

सुभेदारांनी चष्मा पुसायला घेतला.

मग तिने मुंबईवर बोट ठेवलं आणि जम्मूपर्यंत मोजलं. दोन बोटं. मुंबईवर अंगठा टेकून हात लंडनकडे ताणला. बरोबर वीत भरली. सुभेदारांनी फौजेतला हिशेब काढला. "जम्मू दोन बोटं, चार दीस. वीत म्हंजी बारा बोटं. चोवीस दीस."

"चोवीस दीस," अनसाक्का म्हणाली. तिचा चेहरा एकदम बारीक झाला. "मंजे दिवाळी केरात."

"अहो आक्का, नाही," मी म्हटलं. "मुंबई ते लंडन सात हजारांवर किलोमीटर आहे, हे खरं. पण विमानाला दहाच तास लागतात."

"दहा तास? दहिवडीवरनं मुंबईला जायला यष्टीला ह्यापरास जास्त लागत्यात."

"हो ना."

"मंग लंडन मुंबईच्या अलीकडं हाय व्हय?"

तुमचे आजोबा इंजिनिअर. त्यांना राहवेना. ते म्हणाले, "आणखी गंमत सांगतो. विमान इथून सकाळी सातला सुटलं, तर तिथे उतरेल तेव्हा त्यांच्या घड्याळात साडेअकराच वाजलेले असतील. कारण त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे."

अनसाक्काने बोटांवर मोजलं. सात ते साडेअकरा. तिचे डोळे चमकले. "मंजे सातारा! साताऱ्याएवडंच की वो!" मग लगेच शंका आली. "पर सायेब, केर कुटल्या घड्याळानं काढायचा? हितल्या का तितल्या?"

याचं उत्तर इंजिनिअरिंगच्या पुस्तकात नव्हतं. शेवटी ती स्वतःच म्हणाली, "घड्याळाचं ऱ्हाऊ द्या. तार आली की काढीन." सगळ्यांना ते पटलं. सुमननेही शब्द दिला, उतरल्या उतरल्या तार करते.

सुमन निघाली तेव्हा अख्खी आळी अंगणात होती. नुकताच सडा घातला होता, त्यामुळे ओल्या मातीत सगळ्यांची पावलं उमटली. सुमनच्या नव्या चपलांना मागे लहानशी टाच होती. तिचा चौकोनी ठसा शेवग्याखालून फाटकापर्यंत गेला होता. सुभेदार तिला सोडायला मुंबईला गेले आणि दोन दिवसांनी एकटे परत आले. "गेली," एवढंच म्हणाले आणि बाजेवर बसले. "मोठं इमान. यष्टीच्या धा गाड्या मावतील."

त्यांच्या आधी तार यायला हवी होती. आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. सुभेदार रोज तार ऑफिसात जाऊन यायचे. जाताना छाती पुढे, येताना नजर खाली. मग ते घरी न येता थोडा वेळ कोपऱ्यावरच उभे राहायचे. हे मला खिडकीतून दिसायचं. अनसाक्काला दिसत नसेल असं नाही.

मी तिला सांगत होते, "आक्का, ती केव्हाच पोचली. दहा तासांचा प्रवास, त्याला आता पाच दिवस झाले."

"तुमच्या नकाशावं पोचली आसंल," ती शांतपणे म्हणायची. "माज्या घरात आजून आली न्हाई बातमी."

तुमचे आजोबा म्हणाले, "काही विपरीत झालं असतं तर रेडिओने सांगितलं असतं."

"रेडिओ न पोचलेल्यांचं सांगतो वो सायेब. पोचलेल्यांचं कुटं सांगतो?"

मग एकदा दळण निवडता निवडता ती माझ्याशी हळूच बोलली. तिचा आवाज एरवी पलीकडच्या गल्लीत जायचा, तेवढा एकदाच मी तो खाली आलेला ऐकला. "बाई, बबन जातो तवा गाडी जिमिनीवनं जाती. यष्टी काय, आगीनगाडी काय, चाक जिमिनीला असतं. हिचं तसं न्हाई. इमानात पाय अधांतरी. मंजे सध्या तिचं पाऊल फकस्त माज्या अंगनात हाय. त्ये मी कसं झाडू?"

त्यानंतर मी तिला घड्याळ दाखवलं नाही.

दिवाळी आली. सगळ्या आळीत सारवण झालं, रांगोळ्या पडल्या, आकाशकंदील लागले. अनसाक्काच्या घरी करंज्या तळल्या, चकल्या झाल्या, पण केर तसाच. सुमनच्या टाचेचे ठसे पाल्याखाली गेले होते. आळीतल्या बायका आधी हसल्या, मग समजावायला आल्या, मग रागावल्या. "आक्का, लक्ष्मीपूजनाला तरी झाडा. लक्ष्मी काय चिपाडातनं येनार व्हय?" कोपऱ्यात पूजेसाठी आणलेली नवी केरसुणी कोरी उभी होती. तिची पूजा आधी व्हायची होती. आणि दिवे लागल्यावर केर काढायचा नाही, हीही रीत अनसाक्काचीच. म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या दिवशी उन्हं उतरायच्या आत काय ते व्हायला हवं होतं. नाहीतर पूजा केरात.

त्या दिवशी चारच्या सुमाराला मी माझ्या बाजूला खडूच्या रेघेपर्यंत रांगोळी काढत बसले होते. रेघेपलीकडे अनसाक्का उंबऱ्यावर बसून पणत्यांच्या वाती वळत होती. सुभेदार बाजेवर. फाटक वाजलं. पांढरं धोतर, लाल पटका, खांद्यावर घोंगडी, पायात धुळीने पांढऱ्या झालेल्या वहाणा. सुभेदारांचा धाकटा भाऊ, गावी शेरडं-मेंढरं बघणारा ज्ञानू. त्याने अंगणात पाऊल टाकलं आणि तो जागीच थांबला. त्याने पाला पाहिला, चिपाडं पाहिली, बिनरांगोळीचा उंबरा पाहिला. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घर असं असायला एकच कारण असू शकतं, असं त्याला वाटलं.

तो मटकन खाली बसला. "वैनी! तुमाला आदीच कळलं व्हय गं!" आणि गळा काढून रडायला लागला.

अनसाक्काच्या हातातली वात तशीच राहिली. ती उभी राहिली आणि एका हाताने चौकट धरली. सुभेदार बाजेवर पुढे सरकले.

"काय कळलं?" अनसाक्काने विचारलं.

ज्ञानूने पटक्यातून एक पाकीट काढलं. गुलाबी तारेचं. घामाने मऊ झालेलं, पण चिकटवलेलं तसंच.

"इमान गेल्यावं दोन दिसानी गावात आली. फोडाय कुनाची छाती झाली न्हाई. द्येवाम्होरं ठिवली. म्हातारी मानसं म्हनाली, सनाच्या तोंडावं नगं. मंग म्हनाली, सनाच्या आदी पोचवाय पायजे. कोनी न्यावी, ह्यात दोन दीस गेलं…" आणि पुन्हा रडू.

त्या काळी माणातल्या वस्तीवर तार यायची ती एकाच कामासाठी. गावाने न फोडताच ती वाचली होती.

अनसाक्काने ते पाकीट घेतलं नाही. माझ्याकडे पाहिलं फक्त. मी रेघ ओलांडून पुढे झाले, तेव्हा माझ्या रांगोळीवर माझाच पाय पडला. हात पिठूळ होते. पाकीट फाडलं. आत इंग्रजीत मोजके शब्द. मी ते एकदा मनात वाचले आणि मग मोठ्याने मराठीत सांगितले.

"सुमन सुखरूप पोचली. काळजी नको."

ज्ञानूचं रडणं मधेच अडकलं, उचकी लागावी तसं. सुभेदारांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

"कवा पोचली?" अनसाक्काने विचारलं.

मी तारेवरची तारीख बघितली. "ज्या दिवशी निघाली त्याच दिवशी. त्या दिवशीच त्यांनी तार केलीय."

"मंजे दहा तासातच?"

"हो, आक्का."

मागाहून सुमनच्या पत्रातून उलगडा झाला. ती दमून झोपली होती, आणि जावयाने कौतुकाने स्वतःच जाऊन तार केली होती. पत्ता त्याने लग्नपत्रिकेवरून घेतला. पत्रिकेवर रीतीप्रमाणे मूळ गावाचं नाव होतं.

अनसाक्का दिराकडे वळली. "भावजी, तुमी आज कवा निगालासा?"

"तांबडं फुटायच्या आदी. दोन यष्ट्या बदलल्या. कराडात ताटकाळलो."

तिने बोटं मोजली. "मंजे तुमालाबी दहा तास. पोरगी लंडनला पोचली तेवड्यात तुमी सांगलीला पोचलासा." ती थांबली, पुन्हा मोजायला लागली. "आन् तार लंडनवरनं दहिवडीला दोन दिसात आली. तितनं सांगलीला यायला चार दीस?"

ज्ञानू खाली बघायला लागला.

"बाई," ती मला म्हणाली, आणि तिचा आवाज पुन्हा पलीकडच्या गल्लीत गेला, "तुमचा नकाशा चुकलाय. लंडन जवळच हाय. लांब हाय ते माजं सासर!"

सुभेदार हसायला लागले, मग ज्ञानू, मग आवाज ऐकून फाटकाशी जमलेल्या बायका. अनसाक्का मात्र हसत बसली नाही. उन्हं शेवग्याच्या शेंड्याला होती. तिने काष्टा घट्ट केला आणि खराटा उचलला. मी तिला तसं झाडताना आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. आठवडाभराचा पाला, फराळाचा कोंडा, थोटकं, सगळं धुळीसकट उडालं. माझी रांगोळी गेली, खडूची रेघ गेली, ज्ञानूचा लाल पटका भुरा झाला. माणातली बाई ती, पाणी जपून वापरणारी. एरवी तिचा सडा म्हणजे चार ओंजळी. त्या दिवशी तिने नळाखालची अख्खी बादली उचलली आणि अंगणात ओतली. तुमचे आजोबा ऑफिसातून आले ते थेट चिखलात. सूर्य बुडता बुडता नव्या केरसुणीला हळदकुंकू लागलं.

रात्री जेवताना ज्ञानू चाचरत म्हणाला, "वैनी, तार तवाच फोडली आस्ती तर…"

"फोडली आस्ती तर तुमी दिवाळीला आला आस्तासा व्हय?" असं म्हणून तिने त्याच्या ताटात आणखी दोन करंज्या वाढल्या.

सुमन पुढे दर दोन वर्षांनी येत राहिली. परत जाताना ती तार नेमकी सांगलीला करायची, आणि आळीतली मुलं तारवाल्याच्या मागे धावत यायची. तार आली की अनसाक्का खराटा घ्यायची. विमान कधी वेळेवर असे, कधी उशिरा. तिने पुन्हा नकाशा मागितला नाही.

दशक संपता संपता तुमच्या आजोबांची बदली साताऱ्याला झाली. निघायचा दिवस ठरला. सामानाचा ट्रक पहाटेच पुढे गेला. मी रिकामं घर कानाकोपऱ्यातून झाडून काढलं, ओल्या फडक्याने पुसलं, आमच्या बाजूचं अंगणही झाडलं. भाड्याचं घर सोडताना स्वच्छ करून द्यायचं, ही माझ्या वडिलांची शिकवण. अनसाक्का दारात येऊन उभी राहिली आणि त्या लखलखीत फरशीकडे बघत राहिली.

"सगळं झाडलंसा?"

"हो."

"समदं?"

"हो. का?"

"कायबी ठेवलं न्हाईसा," ती म्हणाली. मग माझ्या ओटीत तांदूळ, खोबऱ्याची वाटी आणि शेवग्याच्या शेंगांची एक जुडी घातली. "साताऱ्याला उतरल्या उतरल्या सांगली गाडीच्या डायव्हरपाशी निरोप धाडा. सुभेदारांचं नाव सांगा, समदे वळखत्यात. मिरजंत पत्ते खेळनारे न्हवं, खरे डायव्हर."

सुभेदार खाकरले.

आम्ही जीपमध्ये बसलो. तुमची आई तेव्हा लहान होती, माझ्या मांडीवर बसून मागे बघत हात हलवत होती. जीप निघाली आणि फाटकापुढे वळण घ्यायला थोडी थांबली, म्हणून मीही मागे पाहिलं.

अनसाक्का तिच्या उंबऱ्यावर नव्हती. ती आमच्या बंद दारापुढे, आमच्या पायरीवर बसली होती. आम्ही जीपमध्ये बसेपर्यंत आमच्या झाडलेल्या अंगणात तिने शेवग्याचा पाला पसरला होता. रिकामी पाटी शेजारी पालथी होती. मालकांनी नव्या भाडेकरूंसाठी घर साफ करायला पाठवलेली बाई खराटा घेऊन तिच्यासमोर उभी होती आणि हातवारे करून काहीतरी सांगत होती. अनसाक्काने बसल्या जागेवरून एक हात वर केला होता, पहिल्या दिवशी माझ्यापुढे केला होता तसाच. जीपच्या आवाजात मला शब्द ऐकू आले नाहीत. पण ते मला माहीत होते.

"थांब गं. बाई आजून साताऱ्याला पोचली न्हाई."